शेवटच्या पानापासून वाच

दादर, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, बँकांचं काम करणाऱ्या ऑफिसात जाऊ की बुडत्या कंपन्यांची बाजू मांडणाऱ्या? मी तेव्हा कफ परेडला एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, जिन्यात होते, धड बोलता आलं नाही. महिनाअखेर तुला होकार कळवायचाय, म्हणून हे पत्र.

बँकांकडे जा. निदान पहिली पाच वर्षं. तिथे प्रकरण पहिल्या कागदापासून हाती येतं: मंजुरीपत्र, गहाणखत, जामीनपत्र, थकबाकीचा उतारा. घरात कुणी "वसुलीची वकिली" म्हणून नाक मुरडलं तर मनावर घेऊ नकोस, पण स्वतः मात्र वसुलीवालीसारखं वागू नकोस. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता हा नुसता वसुलीचा कायदा नाही, कंपनी पुन्हा उभी राहावी हा तिचा हेतू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने स्विस रिबन्स प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. धनकोचा वकील हे विसरला की चालता कारखाना भंगाराच्या भावात जातो, आणि त्यात बँकेच्याही हाती फारसं लागत नाही.

आपल्या कामात पुरेसं कुणालाच नसतं. आपण तूट वाटतो. कंपनी अवसायनात गेली की वाटणी याच संहितेच्या कलम ५३ च्या क्रमाने होते. तो क्रम पाढ्यासारखा पाठ कर. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी आणि तारणावरचा हक्क सोडलेला धनको, दोघे एकाच पायरीवर. त्याखाली इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. उधारीवर माल देणारा छोटा कारखानदार फार खाली. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतल्या रकमा मात्र या वाटणीत ओढता येत नाहीत. बँकेकडून उभी असलीस आणि बेंचने विचारलं, तर हे चाचरत नको, स्वच्छ सांग.

आता माझी एक चूक सांगते. २०१८ ची सुरुवात. भोसरीचे एक फॅब्रिकेटर आले. कापडी पिशवीत बिलं आणि डिलिव्हरी चलनं, प्रत्येक चलनावर गेटचा शिक्का. तेव्हा एक लाखाच्या थकबाकीवरही कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करता यायचा. मार्च २०२० पासून ही मर्यादा एक कोटी झाली. इतके नीटनेटके कागद बघून मी हरखले. कलम ८ ची नोटीस दिली, दहा दिवस थांबले, कलम ९ चा अर्ज लावला. सुनावणीत समोरच्या वकिलांनी एकच ईमेल पुढे केला: वेल्डिंगला तडे आहेत, लॉट परत न्या. आमच्या नोटिशीच्या सात महिने आधीचा. नोटिशीपूर्वीचा वाद खरा असला तर असा अर्ज टिकत नाही, हे मोबिलॉक्स प्रकरणात काही महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. अर्ज फेटाळला गेला. बाहेर बाकावर बसून ते गृहस्थ चलनं तारखेप्रमाणे लावून एकेक पिशवीत भरत होते. माझ्याशी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. मी त्यांना विचारलंच नव्हतं, की तुमच्या विरुद्ध जाईल असा कुठला कागद आहे का? आता पहिल्या भेटीत तोच प्रश्न विचारते. अशील लपवतात असं नाही गं, त्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही.

आपल्याकडे कर्जाच्या कागदाचा इतिहास मोठा आहे. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर. हाती लागतील ते जाळले. पुढे शेतकऱ्यांना दिलासा देणाऱ्या १८७९ च्या दख्खनच्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहार मुळापासून तपासायला लावलं, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याची कैद बंद केली. सुपं तुझ्या आजोळच्या वाटेवर आहे, एकदा थांबून बघ.

ताळेबंद स्वतः वाचायला शीक, सगळं सीएवर सोडू नकोस. अर्ज करायची मुदत थकबाकीपासून तीन वर्षांची. ताळेबंदातली कर्जाची नोंद ही कबुली ठरू शकते आणि मुदत तिथून नव्याने मोजली जाते. पण मागच्या टिपांमध्ये लेखापरीक्षकाने त्या कर्जावर शंका घेतली असेल, तर तीच नोंद लंगडी पडते.

आणि वेळ वाया घालवणाऱ्या तारखा मागू नकोस. प्रक्रिया संपवायला कायदा ३३० दिवस म्हणतो. जेट एअरवेजचं प्रकरण मुंबईत जून २०१९ मध्ये दाखल करून घेतलं गेलं, आणि कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ७ नोव्हेंबर २०२४ ला आला. साडेपाच वर्षं कर्मचारी आशेवर होते. प्रत्येक तहकुबीला कुणाच्या तरी घरचा हप्ता चुकतो, हे मी खूप उशिरा शिकले.

प्रकरण दाखल झालं की दावे मागवणारी जाहीर सूचना इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतल्या पेपरातही द्यावी लागते. आपल्याकडे बहुधा मराठीत. पहिली मुदत चौदा दिवसांची. कामगार ती बारीक अक्षरातली चौकट वाचत नाहीत. ती दिसली आणि त्या कंपनीतलं कुणी ओळखीचं असलं, तर बँकेकडून उभी नसशील तेव्हा त्यांना फोन कर.

रुजू झालीस की पहिल्याच आठवड्यात एखाद्या जुन्या प्रकरणाची दाव्यांची यादी मागून घे. पहिल्या पानावर बँका असतात, ती नावं तुला पाठ होतीलच. तू शेवटच्या पानापासून सुरुवात कर. तिथे कँटीनवाला असतो, सिक्युरिटी एजन्सी असते, टेम्पोवाला असतो. त्यांच्यापुढचे आकडे वाच आणि मला फोन कर.

तुझी,
आत्या