एकेका पानाची पारख

मार्च उजाडला की जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या ओलसर वनांत जमीन हिरवीगार होते आणि हवेत लसणाचा वास दाटतो. लाइपझिगच्या नदीकाठच्या रानात तर पायवाटेच्या दोन्ही अंगांना हीच पाने पसरलेली असतात. हा रानलसूण. जर्मन नाव बेअरलाउख, शास्त्रीय नाव अ‍ॅलियम उर्सिनम. दोन्ही नावांत अस्वल आहे. इकडे राहणाऱ्या मराठी घरांना तो ओल्या लसणाच्या पातीची आठवण करून देतो, म्हणून पिशवी घेऊन रानात जाणारे आपल्यातही बरेच. त्यांना मिळणारा सल्ला बहुधा एका वाक्याचा असतो: पान चुरगाळा, लसणाचा वास आला की खुशाल खुडा. मला हा सल्ला अपुरा वाटतो, आणि अपुरा असूनही पुरेसा वाटतो म्हणून धोक्याचा वाटतो. वास खोटा नसतो, पण तो कोणत्या पानाचा आहे हे सांगत नाही. पहिले पान चुरगाळताच रस बोटांना लागतो आणि पाचव्या-सहाव्या पानापासून आपण हुंगतो ती आपलीच बोटे. शिवाय प्रत्येक पान हुंगत कोण बसतो? एका ठिकाणी खात्री झाली की मुठीमुठीने खुडणे सुरू होते, आणि चुकीचे पान येते ते त्या मुठीतून. पिशवीत पडल्यावर तर त्यालाही लसणाचा वास लागतो.

म्हणून निर्णय डोळ्यांनी करावा, आणि तोही देठापाशी. रानलसणाचे प्रत्येक पान स्वतःच्या लांब, सडपातळ देठावर जमिनीतून वेगळे वर येते. पानाची वरची बाजू तुकतुकीत, खालची फिकी आणि निस्तेज. माइग्लॉक्शेन, म्हणजे लिली ऑफ द व्हॅली, हिची पाने बहुधा जोडीने येतात, एकाच दांड्यावर, एकाने दुसऱ्याला वेढून घेतलेली. हेर्ब्स्टत्साइटलोझं, शास्त्रीय नाव कॉल्चिकम, हिच्या पानांना देठच नसतो. ती कडक, दोन्ही बाजूंनी चकचकीत पाने एकाच जागेतून झुबक्याने निघतात. हिचे फूल शरद ऋतूत येते, त्यामुळे वसंतात ओळख पटवायला फूल नसते, नुसती पाने असतात. ही ओल्या कुरणांत आणि रानाच्या कडेला वाढते, आणि रानलसणाचा पट्टा अनेकदा तिथेच संपतो. तिसरा आरोनश्टाब, अळूच्या कुळातला. त्याची पाने पुढे बाणाच्या टोकासारखी होतात, पण कोवळेपणी आकार तितका स्पष्ट नसतो. त्याच्या पानावर शिरांचे जाळे दिसते, रानलसणाच्या शिरा मात्र समांतर धावतात.

या तिघांची विषे मराठी माणसाला परकी नाहीत. माइग्लॉक्शेनमध्ये हृदयाची लय बिघडवणारी, आपल्या कण्हेरीतल्या विषांच्याच जातीची द्रव्ये आहेत. आरोनश्टाबमध्ये अळूला खाज आणणारे ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक आहेत. आणि हेर्ब्स्टत्साइटलोझंमध्ये कॉल्चिसीन आहे, जे सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असते. सांधे सुजवणाऱ्या गाउटवर डॉक्टर हेच औषध देतात, पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीच्या मापाने. पेशी दुभंगताना आतले जे सूक्ष्म तंतू जुळावे लागतात ते कॉल्चिसीन जुळू देत नाही. म्हणून जिथे पेशी भराभर तयार होतात तिथे पहिला घाव बसतो: आधी आतड्याच्या अस्तरावर, मग हाडांच्या मगजावर.

इथे आपले स्वयंपाकघरातले शहाणपणच आड येते, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. अळूत आपण चिंच घालतो, शेवळांत काकडं घालतो आणि खाज मारतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या अनुभवातून मनात बसते की रानातले बाधणारे पान नीट शिजवले, आंबट घातले की बाधत नाही. खाजेच्या बाबतीत ते खरेच आहे. पण कॉल्चिसीन उकळल्याने नाहीसे होत नाही आणि चिंचेने मरत नाही. माइग्लॉक्शेनचे विषही शिजवल्यावर उरतेच. कोणी म्हणेल, टाकळा, कुरडू, फोडशी ओळखत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे काय शिकवायचे? त्यांच्या नजरेविषयी मला आदर आहे. पण ती नजर एका मातीत तयार झालेली असते. शेजारी कोणते फसवे पान उगवते हे ज्याला माहीत, त्याचीच ओळख पक्की. परक्या रानात ती माहिती नव्याने मिळवावी लागते. आणि धोका इथल्यांनाही चुकलेला नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया या देशांतल्या वैद्यकीय नोंदींत रानलसूण समजून कॉल्चिकम खाल्ल्याने झालेले मृत्यू आहेत. पाने ओळखणाऱ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपचा भरवसाही मी धरत नाही, कारण ते फोटोतल्या एका पानाविषयी बोलते, मुठीतल्या बाकीच्यांविषयी नाही.

मग हा नादच सोडावा का? मी तसे म्हणत नाही. मूठ सोडून चिमटीने खुडावे, एवढेच माझे म्हणणे. एक पान, देठासकट, बघून. निम्मीच पिशवी भरली तरी चालेल. घरच्यापुरती थोडी पाने घेण्यास जर्मनीचा निसर्गसंरक्षण कायदा मुभा देतो, पण राखीव क्षेत्रात ती नसते. घरी धुताना प्रत्येक पान पुन्हा उलटून पाहावे, आणि शंका आली तर ते पान नव्हे, सगळा वाटा टाकावा. मी याला अपवाद करत नाही. चुकून खाल्लेच गेले तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: कॉल्चिसीनची लक्षणे बहुधा काही तासांनी दिसतात, आणि उलट्या-जुलाब पाहून साधे अन्न बाधले असे वाटते. कधी मध्ये थोडे बरेही वाटते, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अवयव निकामी होऊ लागतात. त्यामुळे रानातली पाने खाल्ल्यावर उलट्या झाल्या तर उतार पडायची वाट पाहू नये. ११२ ला फोन करावा, पाने खाल्ल्याचे स्पष्ट सांगावे आणि उरलेली भाजी, पाने सोबत न्यावीत.

खात्रीच्या पानांचा स्वयंपाक मात्र सोपा आहे. जमिनीलगतच्या पानांवर कोल्ह्याच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी येऊ शकतात, घरच्या फ्रीझरच्या थंडीत ती मरत नाहीत. तिथे चांगली धुलाई आणि उष्णताच कामाची. पण फार शिजवले तर वासही उडतो, म्हणून पिठले झाकण ठेवून शिजत आले की शेवटच्या वाफेला चिरलेली पात घालावी. थालीपिठाच्या पिठात ती मळून घेता येते, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी नीट भाजली जाते. शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून केलेली चटणी तेलात बुडवून बाहेर बरणीत ठेवू नये. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमचे जंतू तिथेच वाढतात. ती फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवावी, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी आणि लागेल तशी एकेक वडी काढून गरम वरणात सोडून उकळी आणावी.