म्हणीचा पाठ : मूर्ती लहान, पण कीर्ती महान



ही म्हण तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. इथे मूर्ती म्हणजे देवाची मूर्ती नव्हे, तर माणसाची अंगकाठी. कीर्ती म्हणजे चांगल्या कामामुळे पसरलेले नाव. म्हण नीट समजावी म्हणून लीड्सच्या एका खेळाडूची गोष्ट वाचू या.

रग्बीचे दोन प्रकार आहेत. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले काही क्लब मूळ संघटनेतून बाहेर पडले. त्यांचे बरेच खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत काम करत. सामन्यासाठी खाडा झाला की मजुरी बुडे. ती भरून द्यावी ही मागणी नाकारली गेली. त्यातूनच पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळ तयार झाला. यात प्रत्येक बाजूला १३ खेळाडू असतात आणि धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात.

अशा खेळात रॉब बरोची उंची फक्त ५ फूट ५ इंच! त्याचा जन्म १९८२ साली यॉर्कशरमधील पाँटिफ्रॅक्ट येथे झाला. "हा फारच लहान आहे," असे लोक म्हणत. तरीही २००१ ते २०१७ या काळात तो लीड्स ऱ्हायनोजकडून ४९२ सामने खेळला आणि सुपर लीगच्या विजेत्या संघात ८ वेळा होता. २०११ च्या अंतिम सामन्यात तो राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरला, सेंट हेलन्सच्या गड्यांच्या हातांखालून वाकून निसटला आणि लांब धावत जाऊन त्याने ट्राय केला. ज्या उंचीला लोक हसत, तीच त्या दिवशी कामी आली.

पण गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला मोटर न्यूरॉन आजार झाल्याचे कळले. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. चालणे थांबते, बोलणे थांबते. रॉबने आजार लपवला नाही. वाचा गेल्यावर डोळ्यांच्या हालचालीने यंत्रावर शब्द निवडून तो बोले आणि इतर रुग्णांसाठी मदत मागे.

त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड मदतीला धावला, अगदी खरोखर धावला! डिसेंबर २०२० मध्ये त्याने ७ दिवसांत ७ मॅरेथॉन पूर्ण केल्या, कारण रॉबच्या जर्सीवर ७ आकडा होता. त्यातून दहा लाख पौंडांहून अधिक निधी जमला. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने रॉबची चाकांची खुर्ची ढकलत नेली आणि शेवटी मित्राला उचलून घेऊन रेषा ओलांडली.

२ जून २०२४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, रॉब वारला. दुसऱ्याच दिवशी लीड्समध्ये त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचे बांधकाम सुरू झाले.

आता विचार करा. पळणारे पाय थांबल्यावर रॉबची कीर्ती कमी झाली की वाढली?

शब्दार्थ
धिप्पाड – उंच आणि भरदार शरीराचा
खाडा – कामावरची गैरहजेरी
वाचा – बोलण्याची शक्ती

स्वाध्याय
१. क्लब मूळ संघटनेतून का बाहेर पडले?
२. सिनफील्डने ७ हाच आकडा का निवडला?
३. तुमच्या ओळखीच्या "मूर्ती लहान, पण कीर्ती महान" अशा व्यक्तीवर पाच वाक्ये लिहा. घरच्यांना विचारा, पण लिहा स्वतः!