कायक आणि कमिशन

सद्भक्तहो, आपली अनेक मुले आज कमिशनवर विमा विकतात. शिक्षण दोन दिवसांचे; हाती किती पडणार, ते अस्पष्ट. यास कायक म्हणावे काय?

आयदक्की मारय्यांनी एकदा गरजेहून अधिक तांदूळ वेचून आणले. लक्कम्मांनी ते परत करावयास लावले. शुद्धी मिळकतीच्या मापात नसून ती मिळविण्याच्या रीतीत आहे. म्हणून स्वतःस न उमगलेला लाभ ग्राहकास सांगू नका. २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी ३० दिवसांत परत करता येते, हेही सांगा. कमिशन गेले तरी चालेल.

परंतु शुद्धी एकतर्फी नव्हे. श्रमाचे उचित मोल मागणे हा लोभ नव्हे. दर, कपात, देण्याची तारीख लेखी मागा. ते नाकारले, तर असे काम सोडण्यात कायकाचा भंग नाही.