टीपॉय खरा कुणाचा?

प्रश्न : खामगावात माझं फर्निचरचं दुकान आहे. पुण्याचे एक इंटिरियरवाले मोबाइलवर फोटो घेऊन आले. खाली लाकडाचे दोन वळणदार तुकडे, वर जाड काच, बाकी काही नाही. म्हणाले, याचा जुना ओरिजिनल परदेशात लाखांना जातो, तुम्ही आम्हाला सागात करून द्या. दोन तुकडे आणि एक काच, त्याचे लाखो रुपये कशाचे? आणि मी केलेला हुबेहूब निघाला, तर ओळखणारे खरा कोणता हे ओळखतात कशावरून?
— एक वाचक, खामगाव (जि. बुलढाणा)

उत्तर : तुमच्या वर्णनावरून हा टीपॉय इसामू नोगुचीचा. हा मूळचा शिल्पकार. १९०४ साली लॉस एंजेलिसला जन्मला, पॅरिसमध्ये शिल्पकार ब्रांकुशीच्या हाताखाली शिकला. वडील योने नोगुची हे जपानी कवी. रवींद्रनाथांशी त्यांचा स्नेह होता आणि पुढे चीनवरच्या जपानी आक्रमणावरून दोघांची कडाक्याची पत्रापत्रीही झाली. इसामू १९४९मध्ये भारतात आला, तेव्हा जंतरमंतरच्या दगडी यंत्रांनी त्याला भुरळ घातली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन तुकड्यांत आहे. फोटो पुन्हा नीट पाहा. दोन्ही तुकडे एकाच आकाराचे आहेत. एक सुलटा, दुसरा उलटा. मधे एक खुंटी. ते एकमेकांत फिरवून बसवले की तीन टेकू तयार होतात आणि त्यांवर काच नुसती ठेवायची. स्क्रू नाही, चौकट नाही. एकच साचा दोनदा वापरून हे साधणं अवघड आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता गंमत अशी, की या टीपॉयचा जन्मच नकलेच्या भांडणातून झाला. नोगुचीने १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे अध्यक्ष गुडइयर यांच्यासाठी लाकूड आणि काचेचं एक टेबल केलं होतं. त्यानंतर रॉब्सजॉन-गिबिंग्ज नावाच्या डिझायनरने त्याच्याकडून टीपॉयचा छोटा नमुना करून घेतला. पुढे महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. नोगुची १९४२मध्ये आपण होऊन ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत राहायला गेला. तिथे असताना आपल्या नमुन्याची फिरवाफिरव केलेलं टेबल त्याने जाहिरातीत पाहिलं. जाब विचारला, तर तीन पायांचं टेबल काय कुणीही करील, अशा अर्थाचं उत्तर मिळालं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्या रागातून त्याने १९४४च्या सुमारास स्वतःचा नवा नमुना केला. तोच तुमच्या फोटोतला. हर्मन मिलर कंपनीने तो १९४७पासून बाजारात आणला.

ओळखण्याची सुरुवात इथूनच होते. कंपनीने १९७३मध्ये हा टीपॉय करणं थांबवलं आणि १९८४मध्ये पुन्हा सुरू केलं. म्हणून संग्राहक दोन वेगळे प्रश्न विचारतात : अधिकृत आहे का, आणि जुना आहे का? हल्लीच्या अधिकृत टीपॉयवर काचेच्या कडेला नोगुचीची सही असते आणि पायाच्या तळाला त्याच्या आद्याक्षरांची छोटी चकती. त्यामुळे अशी सही असलेला टीपॉय कुणी १९५०चा म्हणून विकत असेल, तर एक तर टीपॉय नवा आहे किंवा काच बदललेली आहे. इथे सहीच जुनेपणाच्या विरोधात साक्ष देते.

दुसरी खूण काचेची. १९६५पर्यंत ती सात सुती, म्हणजे पाऊण इंचाहूनही एक सूत जाड होती. नंतर सहा सुती झाली. नकलांमध्ये खर्च वाचवायला बऱ्याचदा १२ मिमीची काच घालतात, म्हणजे जेमतेम चार सूत. काठावर पट्टी धरली की पहिला निकाल तिथेच लागतो. तिसरी खूण लाकडाची : अक्रोड, बर्च, सुरुवातीच्या काळात थोडे चेरीचे, शिवाय काळ्या रंगाचे. साग त्या यादीत नाही. तुमचा टीपॉय कितीही हुबेहूब उतरला, तरी लाकूड बघणारा पहिल्या नजरेत ओळखेल. चौथी खूण वळणाची. नकलांमधले पाय बोजड असतात, निमुळते होत जात नाहीत, आणि पुष्कळदा दोन तुकडे एकमेकांशी जुळतही नाहीत.

पण काच बदलता येते, चकती डकवता येते. चंदीगडचं उदाहरण घ्या. तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुकार पिएर जानरेच्या देखरेखीखाली झालेल्या साग-वेताच्या खुर्च्या भंगाराच्या लिलावांत गेल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि मोठ्या किमतीला विकल्या. २०११मध्ये केंद्राने विक्री आणि निर्यातीला लगाम घातला. त्या खुर्च्यांवर खात्याचे क्रमांक पांढऱ्या रंगात लिहिलेले असत. मागणी वाढली तसे नकली खुर्च्यांवरही तसेच क्रमांक उमटले. म्हणून जाणकार खुणेपेक्षा वस्तूचा प्रवास तपासतो : पहिली पावती, घरातला जुना फोटो, मधल्या मालकांची साखळी, लिलावाची नोंद. लाखांतला मोठा वाटा या कागदांचा असतो.

राहिला तुमचा धंदा. आपल्या डिझाइन कायद्यात (२०००) नोंदलेल्या रचनेला १० वर्षं आणि मुदत वाढवून आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. १९४४च्या रचनेची अशी मुदत आज उरलेली नाही. नाव आणि सहीचं तसं नाही. ट्रेडमार्कचं नूतनीकरण होत राहतं. युरोपात तर अशा वस्तूंना कलाकृती मानून कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकतं, आणि नोगुची १९८८मध्ये गेला. गिऱ्हाईक माल बाहेर पाठवणार असेल, तर आधी वकिलाला विचारा.

घरगुती वापरासाठी सागाचा टीपॉय करून देण्यात फसवणूक नाही. फसवणूक सुरू होते ती तुमच्यानंतरचा कुणीतरी त्यालाच ‘जुना अमेरिकन’ म्हणू लागतो तेव्हा. ती वाट तुम्हीच बंद करू शकता. बिलावर ‘सागवानी टीपॉय, काचेसह’ एवढंच लिहा, नोगुचीचं नाव टाकू नका, आणि पॉलिश मारण्याआधी दोन्ही तुकड्यांच्या तळाला आपल्या दुकानाचं नाव, खामगाव आणि साल पटाशीने खोल कोरा. अशा कोरण्याला गिऱ्हाईक नाही म्हणालं, तर त्याला टीपॉय कशासाठी हवाय हे तुम्हाला कळेल.