परदेशात नर्सची नोकरी : गटातून कर्ज देण्याआधी



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक मावशी कर्ज मागायला उठल्या. मुलगी जीएनएम झालेली. कुवेतला नोकरी आहे, पण एजंटला आठवड्याच्या आत दोन लाख द्यायचेत. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर माहिती काढली, ती या धड्यात देते.

मुलीनं परदेशी जाण्यात वाईट काही नाही. केरळच्या कितीतरी नर्सनी आखाती देशांतल्या पगारावर घर उभं केलं, भावंडांना शिकवलं. धोका आहे तो घाईत, भलत्याच माणसाच्या हाती पैसे देण्यात. म्हणून चार गोष्टी विचारा.

१. देश कोणता? कुवेत, सौदी, कतार, ओमान अशा १८ देशांत नर्स म्हणून जायला सरकारची परवानगी लागते. २०१५ पासून तिथली नर्सची भरती सरकारने ठरवून दिलेल्या संस्थांमार्फत होते. केरळ सरकारची ‘नोर्का रूट्स’ ही त्यातली एक.

२. एजंटकडे परवाना आहे का? १९८३ च्या कायद्यानुसार तो लागतोच. परवाना क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ वेबसाइटवर तपासा.

३. पैसे किती? एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. तेही पावती देऊन.

४. व्हिसा कसला? "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं बदलून देऊ" असं म्हणाला, तर तिथंच थांबा. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय लिहिलेला करार आधी हातात हवा.

त्या गटानं मावशींना नाही म्हटलं नाही. "परवाना क्रमांक आणा, मग कर्ज" असा ठराव वहीत लिहिला. मुलीनं स्वतः मोबाइलवर शोधलं. एजंटचं नाव यादीत नव्हतं. ती अजून थोडी नाराज आहे, पण आता ती सरकारी संस्थांच्या जाहिराती बघतेय.

गटातले दोन लाख म्हणजे कितीजणींची किती वर्षांची बचत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढच्या बैठकीत हा धडा मोठ्यानं वाचा. नर्सिंग शिकणारी मुलगी असेल, तर तिलाही बोलवा.

– तुमची क्षेत्र समन्वयक