काळी, पांढरी आणि घराचा पाया

आमच्या महसुली व्यवहारांत लागवडीच्या जमिनीस ‘काळी’ व गांवच्या वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणण्याचा जुना प्रघात आहे. हा भेद केवळ कागदाचा नव्हे, हें प्रस्तुत लेखकास उशिरां कळलें. सोयीसाठीं मळ्यांतील काळींत मीं दोन फूट पायावर गोठा बांधला. दुसऱ्याच उन्हाळ्यांत भिंतीस तिरपी भेग गेली.

कारण असें कीं, दख्खनची काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेली असून तींतील चिकण अंश पाण्यानें फुगतो व वाळतांना आकसतो. म्हणून जेथें उन्हाळ्यांत भेगा पडतात, तेथें पाया घट्ट मुरूम लागेपर्यंत खालीं न्यावा. मुरूम फार खोल असल्यास जाणत्या स्थापत्यविशारदास विचारावें.

शौचकूपाच्या शोषखड्ड्याचेंही तसेंच आहे. तो जितका खोल करावयाचा, तितक्या खोलीवर लहान खळगा घेऊन रात्रभर पाण्यानें भिजवावा व सकाळीं पुन्हां भरून पाहावा. एक इंच पाणी उतरण्यास तासाहून अधिक वेळ लागल्यास ती जागा सोडावी. उलट, फुटक्या खडकांत पाणी झरझर उतरल्यास मैलापाणी विहिरीस मिळण्याचें भय असतें. विहीर निदान ६० फूट दूर असावी. जेथें पाणी जिरत नाहीं, तेथें संत्र्यामोसंबीचीं झाडेंही लावूं नयेत, मुळ्या कुजतात.

सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र व आकार सांपडतो, खालचा थर सांपडत नाहीं. तो पाहण्यास एक कुदळ व एक दिवस पुरे. तो दिवस मीं वांचविला आणि भिंत गमावली.