मर्ज करण्याआधी

बडोद्यात अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहात मराठी नाटक लागायचं ठरलं की माझ्याकडे याद्या येऊन पडतात. फॉर्म, सभासदांची यादी, पासांची पाकिटं, सगळं डीटीपी मीच करते. मागच्या खेपेला एका मंडळाची एक्सेलमधली यादी आली, ती दिसायला मोठी देखणी. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि भाग (अकोटा, दांडिया बाजार, रावपुरा) घरात जितकी माणसं तितक्या ओळींवर मर्ज केलेले. शेजारी एकेकाचं नाव नि मोबाइल.

पास वाटायचे होते भागवार. कार्यकर्त्यांनी सॉर्ट करायला घेतलं आणि एक्सेल अडलं: मर्ज केलेले सगळे सेल एकाच आकाराचे हवेत. आता चौघांचं घर आणि दोघांचं घर, आकार सारखा येणार कुठून? कोणीतरी सरळ अनमर्ज करून टाकलं. मर्ज सुटलं की मजकूर फक्त वरच्या ओळीत उरतो, खालच्या कोऱ्याच. तशीच सॉर्ट झाली, कोऱ्या ओळी तळाला जाऊन बसल्या आणि सेव्हही झाल्या. कोणती सून, कोणती नातवंडं कुठल्या घरची, हे फोन करकरून विचारत बसावं लागलं.

अशी यादी हाती आली तर आधी तिची प्रत काढा. अनमर्ज केल्यावर सॉर्टला हात लावण्याआधी ते दोन रकाने निवडा, एफ-५ दाबा, ‘स्पेशल’मधून ‘ब्लँक्स’ घ्या. मग बरोबरचं चिन्ह, वरचा बाण आणि कंट्रोल-एंटर. प्रत्येक कोऱ्या सेलमध्ये वरचं नाव उतरतं. त्यानंतर तेच रकाने कॉपी करून ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट करा. हे राहिलं तर पुढच्या सॉर्टला सूत्रं भलत्याच ओळीकडे बघतात.

मर्ज करताना एक्सेल फक्त वरचा-डावा मजकूर ठेवतं. तशी सूचनाही देतं, पण ती वाचतो कोण! वर्ड त्यामानाने दयाळू, सगळा मजकूर एकाखाली एक ठेवतं. मात्र तिथे अनेक सेल निवडून ‘स्प्लिट’ केलंत तर ‘मर्ज सेल्स बिफोर स्प्लिट’ ही खूण आधीच लागलेली असते. ती काढली नाही तर सेल आधी एक होतात, मग नव्याने फुटतात. एक्सेलमध्ये न जोडलेला सेल फोडताच येत नाही. त्यातला मजकूर तोडायचा तर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ आहे, पण ते तुकडे शेजारच्या रकान्यांत पसरवतं, म्हणून उजवीकडे आधी रिकामे रकाने घाला.

मथळा मधोमध हवा असेल तर मर्ज कशाला? कंट्रोल-१, अलाइनमेंट, ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’. दिसतं तसंच, सेल मात्र सुटे राहतात. हे आडवंच चालतं, उभं नाही.

मंडळाच्या अध्यक्षांना अजूनही मर्ज केलेलीच यादी आवडते. त्यांना छापील प्रत तशीच द्यावी. पास वाटणाऱ्या पोरांकडे मात्र प्रत्येक ओळीत घरचं नाव असलेली.